लिहून पाहिले आहे

वहिनी पेन आधी कानाने तपासायची, डोळ्यांनी नंतर. कागदावर निब टेकवायची, मान उजवीकडे कलती करायची आणि दोन-तीन वेटोळी काढायची. तेवढ्यात तिला कळायचे. निब कुरकुरते आहे की चुरचुरते आहे, यातला फरक तिने मला कितीदा तरी समजावून सांगितला. मला तो कधीच ऐकू आला नाही. मी मान डोलवायचो. मला काही कळलेले नाही, हेही तिला कळायचे.

आम्ही दोघे एकाच कारखान्यात होतो. ती वरच्या मजल्यावर निबांच्या खोलीत, मी खाली पॅकिंगमध्ये. घरही एकच. माझा थोरला भाऊ म्हणजे तिचा नवरा, तो औषधांच्या दुकानात कामाला होता. मी लग्न केले नाही. ते का, हे सांगण्यासारखे काही नाही. सकाळी घराच्या दारातून दादा डावीकडे जायचा आणि आम्ही उजवीकडे. बारा मिनिटांची वाट. वहिनी पुढे, मी दोन पावले मागे, कारण ती भराभर चालायची आणि मला ते जमायचे नाही.

"भावोजी, तुमच्या पायांना कोणी ब्रेक लावलाय का?" असे ती वळून विचारायची. एकतीस वर्षे हा प्रश्न ऐकत मी तसाच मागे चाललो.

आमची कंपनी शाईची उंची पेने बनवायची. काळ्या चकचकीत अंगाची, सोनेरी निबची, डबीत मखमलीवर झोपवून विकायची पेने. वहिनीच्या खोलीला तीन मोठ्या खिडक्या होत्या, त्यांच्याखाली लांब टेबल आणि टेबलाच्या शेवटी तिची खुर्ची. समोर एक भिंग, पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा, अगदी बारीक पॉलिश पेपर, पाण्याची वाटी, टिपकागद आणि दादाच्या जुन्या मोज्याचे तुकडे. निब पुसायला जुन्या मोज्यासारखे दुसरे काही नाही असे तिचे मत होते. कंपनी त्यासाठी खास फडकी द्यायची, ती तिने खिडक्या पुसायला काढली होती. घरी दादाचे मोजे फार दिवस टिकायचे नाहीत.

"बघ," तो मला पाय दाखवून म्हणायचा, "मोठमोठ्या साहेबांच्या सह्या माझ्या मोज्यांवर चालल्यात."

निबच्या टोकाला दोन पाय असतात आणि मध्ये चीर. एक पाय केसभर वर राहिला तरी निब कागद ओरबाडते. ते डोळ्याला दिसत नाही. वहिनी ऐकायची आणि म्हणायची, "लंगडतेय बिचारी." मग भिंगाखाली धरून नखाने इतकासा दाब द्यायची, पत्रा चिरेतून एकदा ओढायची, पुन्हा लिहायची. काही निबा चांगल्या असूनही शाई सोडायला कुरकुर करायच्या. त्यांना ती पाण्याच्या वाटीत टाकायची. "रुसलीये, राहू दे जरा." प्रत्येक पेनाने ती डाव्या हातानेही एक ओळ काढायची. हे तिला कोणी सांगितले नव्हते. मी एकदा विचारले तर म्हणाली, "डावखुऱ्यांनी काय पाप केलंय?"

सगळे मनासारखे झाले की त्याच पेनाने एका छोट्या जाड कार्डावर ती लिहायची: हे पेन लिहून पाहिले आहे. टिपकागद दाबायची आणि पेन व कार्ड जोडीने खाली पाठवायची. मी ते कार्ड डबीत पेनाखाली ठेवायचो आणि झाकण लावायचो. थोरल्या मालकांचा एकच नियम होता, कार्डाशिवाय डबी बंद करायची नाही. माझ्या हाताखाली सहा बायका होत्या. त्यांच्या मनावर मी हा नियम इतका बिंबवला होता की त्यातल्या एकीने घरून आणलेला जेवणाचा डबासुद्धा बंद करताना एकदा आत कार्ड ठेवले. ते डब्याबरोबर घरी गेले आणि तिच्या सासूने वाचले. पुढे आठवडाभर ती हसत होती, सासू नव्हती हसत.

माझी नोकरी पंचवीस वर्षांची झाली तेव्हा मलाही एक पेन मिळाले. टोपणावर कुठेतरी बारीक चरा होता म्हणून विक्रीतून बाजूला काढलेले. वहिनीने थोरल्या मालकांकडे शब्द टाकला होता, हे मला नंतर कळले. त्याच आठवड्यात पत्र्याच्या डब्याने तिचा अंगठा कापला होता. चिंधी बांधलेल्या अंगठ्याने तिने माझे कार्ड लिहिले. त्यातल्या 'हे'ची शेपटी कुत्र्याच्या पिल्लासारखी वर उचललेली आली होती. पेन मी घरी कपाटात ठेवले. इतक्या चांगल्या पेनाने लिहावे असे माझ्याकडे काही नव्हते. कार्ड मात्र कारखान्यातल्या टेबलाच्या खणात, स्टेपलरखाली ठेवले. अधूनमधून स्टेपलर उचलायचो.

मग थोरले मालक थकले आणि धाकटा मालक आला. माणूस वाईट नव्हता. जिन्यात भेटला तर आधी तोच बोलायचा. पण त्याचे म्हणणे असे होते की हल्ली लोक लिहीत नाहीत, म्हणून कंपनीचे नाव आता लोकांच्या खिशात, मनगटावर आणि गळ्यापाशी गेले पाहिजे. दोन वर्षांत आम्ही चामड्याची पाकिटे काढली, पट्टे काढले, घड्याळे काढली, परफ्युम काढला. शेवटी सुवासिक मेणबत्ती काढली. सगळे काळे आणि चकचकीत, त्यावर तीच सोनेरी बारीक रेघ.

आम्ही घरी आणलेली मेणबत्ती दादाने हातात घेऊन उलटीपालटी केली. "आणि हिला शाई कुठून भरायची?"

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली. पण तिने मेणबत्तीचा वास घेतला आणि ती टेबलावर परत ठेवताना जरा लांबच ठेवली.

निबा आता बाहेरून तयार येऊ लागल्या, यंत्रावर तपासलेल्या. वहिनीने शंभरातल्या दहाच बघायच्या असे ठरले. तिच्या खोलीत अर्ध्या टेबलावर घड्याळांचे पट्टे आले. तिने त्यावर तोंड वाकडे केले नाही. पट्टे जोडणाऱ्या मुलीला बसायला उजेडातली जागा करून दिली. शंभरातल्या नव्वद पेनांना मात्र आता कार्ड नव्हते, आणि कार्ड नाही म्हणून पॅकिंगमध्ये डब्या बंद होईनात. नियम थोरल्या मालकांचा, पण तो पाळून घेणारा मीच होतो. मी वर जाऊन सांगितले तसा धाकटा मालक वहिनीकडे आला. मीही मागे उभा होतो.

"काकू, तुमचं अक्षर म्हणजे आपली ओळख आहे," तो म्हणाला. "एक कार्ड छान लिहून द्या. आपण ते छापून घेऊ."

"देते की. कोणत्या पेनाबरोबर जाणार?"

"सगळ्याच."

"मग सगळी आणून द्या. लिहून बघते."

"काकू, सगळी म्हणजे हजारो आहेत."

"हो ना. म्हणून तर एक कार्ड पुरायचं नाही."

तो हसला. तीही हसली. तिचे उत्तर नाही असे होते, आणि ते त्यालाही समजले.

दोन दिवसांनी तो खाली माझ्या टेबलापाशी आला. काकूंचे एखादे जुने कार्ड तुमच्याकडे असेल ना, म्हणाला. इतकी वर्षे तुमच्याच हातून गेली आहेत. नाही म्हणायला मला फार वेळ लागतो. तोंडात शब्द जमेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. माझ्या खणात एकच कार्ड होते. मी स्टेपलर उचलला आणि ते त्याच्या हातात दिले. स्वतःची समजूत काढायला मी एवढेच म्हणालो की द्यायचेच तर चांगले द्यावे. कार्ड छापखान्यात गेले आणि ते काही परत आले नाही. वहिनीला मी काही सांगितले नाही. बारा मिनिटांच्या वाटेवर त्या दिवसांत मी दोन पावलांऐवजी पाच पावले मागे चालायचो.

छापलेली कार्डे गठ्ठ्यांनी आली. ती फक्त पेनांसाठी होती. पण माझ्या सहा बायकांना पंधरा-वीस वर्षे एकच गोष्ट ठाऊक होती. कार्ड आहे ना, मग घाला आणि झाकण लावा. त्यांनी पाकिटांत घातले, पट्ट्यांत घातले, मेणबत्तीच्या डबीतही घातले. मी रोज त्यांच्यामागून फिरत होतो आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. उलट एका परफ्युमच्या डबीत कार्ड नव्हते तर मी ती परत उघडायला लावली.

दर कामगाराला कंपनीने एकेक पाकीट भेट दिले. वहिनीचे अजून पिशवीतच होते, न उघडलेले; संध्याकाळी चहाच्या वेळी मी माझे दादाला देऊन टाकले. त्याने डबी उघडली, कार्ड काढले, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचले, "हे पेन लिहून पाहिले आहे." मग पाकीट उघडून आत बघितले. "अगं, या पाकिटाने तू नक्की काय लिहिलंस?"

वहिनी हसतच आली. "चुकून आलं असेल, बघू." कार्ड हातात घेतले. तर्जनी ओठाला लावून ओली केली आणि अक्षरावरून फिरवली. शाई असती तर फिसकटली असती. ही फिसकटली नाही. तिने पुन्हा एकदा बोट फिरवले, मग कार्ड खिडकीकडे नेऊन धरले. थोडा वेळ त्या 'हे'च्या शेपटीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितले.

"भावोजी," ती म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा."

दादा म्हणाला, "काय झालं?" मी गार चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटेत एकदाही वळली नाही. कारखान्याचे फाटक दिसायला लागले तेव्हा मी कसेबसे तिच्या बरोबरीला आलो.

"वहिनी, ते कार्ड मी दिलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"माझा अंगठा मला ओळखू येणार नाही होय?" ती चालतच होती. "मालकांनी नेलं असतं कुठून तरी, तर मला एवढं लागलं नसतं. पण तुम्ही तुमचंच दिलंत."

फाटकापाशी ती थांबली.

"आज कुठला माल जाणार आहे?"

"दुपारी गाडी आहे. पेनं, पाकिटं, सगळंच."

"पेनं किती?"

"दीडशे."

"मी खाली येते," ती म्हणाली. "माझ्या नावाने खोटं जायला नको. बाकी त्यांनी काय विकायचं ते विकावं."

ती भिंग, पाण्याची वाटी आणि मोज्याचा तुकडा घेऊन खाली आली आणि माझ्या टेबलावर बसली. समोर खोक्यांची रास होती, सगळी पट्टी लावून बंद केलेली. पॅकिंग झालेले खोके मालकांच्या सहीशिवाय उघडायचे नसतात. वहिनीने मला उघडा म्हणून सांगितले नाही. ती नुसती मोज्याने भिंग पुसत बसली. सहा जणी माझ्याकडे बघत होत्या. मी कात्री घेतली आणि पहिल्या खोक्याची पट्टी कापली. ती वाकडी कापली गेली. मग बाकीच्या कापताना सरळ आल्या.

पाकिटे, पट्टे आणि मेणबत्त्या सोप्या होत्या. बायकांनी कार्डे काढून टोपलीत टाकली. एक जण म्हणाली, "घालायला मीच, काढायला मीच. एवढं माझ्या लग्नात दागिन्यांचं पण झालं नव्हतं." पेनांच्या डब्यांतलीही कार्डे काढली. मग वहिनी एकेक पेन घेऊन लिहू लागली आणि मी तिच्या शेजारी कोरी कार्डे धरून उभा राहिलो. खोलीत फक्त निबचा आवाज होता. मला तो नेहमीप्रमाणे एकसारखाच वाटला.

साठेक पेने झाल्यावर धाकटा मालक आला. कोणीतरी वर सांगितलेच होते. त्याने कापलेल्या पट्ट्या बघितल्या.

"हे कोणी उघडलं?"

"मी," मी म्हणालो. या वेळी शब्द वेळेवर आला.

तो वहिनीकडे वळला. "काकू, ही यंत्रावर तपासलेली आहेत. प्रत्येक निब."

"मग यंत्राला लिहायला सांगा तसं कार्डावर," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "यंत्राने तपासले आहे म्हणून. मी कशाला नाही म्हणेन?"

"लोकांना तुमचं अक्षर आवडतं हो."

"ते अक्षर कशासाठी आहे हे त्यांना माहीत आहे म्हणून आवडतं." तिने बाजूला काढलेली तीन पेने त्याच्यापुढे सरकवली. "ही तिन्ही लंगडी आहेत. लिहून बघा."

त्याने एक उचलले आणि कार्डाच्या मागे स्वतःची सही केली. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. मान कलती करून त्याने ऐकायचाही प्रयत्न केला.

"मला तर काही जाणवत नाही," तो शेवटी म्हणाला.

"तुम्हाला जाणवू नये म्हणूनच मी आहे."

तो माझ्याच टेबलाच्या कडेवर बसला आणि त्याने विचारले, रोज किती होतील? वहिनी म्हणाली, शंभर, डोळे दुखले नाहीत तर. म्हणाला, यापेक्षा जास्तीची सोय मी ठेवू शकत नाही, काकू, वरचं टेबल घड्याळांना लागणार आहे. ती म्हणाली, टेबल न्या, खुर्ची राहू द्या. असे ठरले की तिने लिहून पाहिलेल्या पेनांबरोबर तिचे हाताचे कार्ड जाईल आणि बाकीची पेने कार्डाशिवाय जातील. छापलेली कार्डे बंद. बाहेर गेलेली मात्र गेली. ती कुठल्या कुठल्या घरांत मेणबत्तीशेजारी पडली असतील कोण जाणे. तिने ती गोष्ट पुन्हा काढली नाही, पण तिच्या मनात ती राहिली असे मला वाटते.

त्यानंतर विक्री वाढली वगैरे काही झाले नाही. दुकानांतून कार्डाबद्दल विचारणा आली ती दोन-तीनदाच. पेनांपेक्षा घड्याळे जास्त गेली, हे खरेच आहे. खिडकीखालचे टेबल गेले आणि वहिनी चौदा महिने खाली माझ्याकडे, एका खोक्यांच्या उतरंडीशेजारी खुर्ची टाकून बसली. उजेड कमी होता म्हणून मी तिला एक दिवा लावून दिला. सहा बायकांना नवा नियम शिकवायला मला चार महिने लागले. कार्ड असेल तर घाला, नसेल तर नका घालू. एवढे साधे वाक्य, पण त्यांचे हात ऐकत नव्हते. माझेही नव्हते.

तिच्या निवृत्तीच्या समारंभात धाकट्या मालकाने तिला मोठी काळी पेटी दिली. आत पेन, पाकीट, घड्याळ, परफ्युम आणि मेणबत्ती, सगळे मखमलीत. टाळ्या झाल्या. वहिनीने पेटी उघडली, पेन काढले, टोपण उघडले आणि समोरच्याला म्हणाली, "जरा कागद द्या." निमंत्रणपत्रिकेच्या मागे दोन वेटोळी काढली. तिने मान वर केली.

"छान आहे," ती मालकाला म्हणाली, "किंचित चुरचुरतं."

त्याने कपाळाला हात लावला आणि सगळ्यांच्या आधी तोच हसला.

घरी आल्यावर तिने ते पेन दादाला देऊन टाकले. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून दादाचे अक्षर बिघडले असे तो सांगतो. आमची आई म्हणायची ते आधीपासूनच कोंबडीच्या पायांसारखे होते. त्या चुरचुरणाऱ्या पेनाने तो रोज सामानाची यादी लिहितो आणि म्हणतो, अप्रतिम चालतं. यादी आम्हाला वाचता येत नाही ती नाहीच.

मग एके दिवशी सकाळी वहिनीने मला हाक मारली. "भावोजी, तुमचं ते पेन आणा."

मी कपाटातून डबी काढून आणली. तिने टोपण उघडले, निब भिंगाखाली धरली आणि माझ्याकडे असे बघितले की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"एकदाही लिहिलं नाहीत?"

"इतकं चांगलं होतं की…"

"मी ठेवायला दिलं होतं का?"

तिने पेन पाण्यात ठेवले, दादाच्या मोज्याने पुसले, शाई भरली आणि लिहायला घेतले. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. मान कलती करून ऐकले. पिशवीतून कोरे कार्ड काढले आणि लिहिले, हे पेन लिहून पाहिले आहे. टिपकागद दाबला. या वेळी अंगठ्याला चिंधी नव्हती. 'हे'ची शेपटी सरळ, नीट आली. मला पहिलीच जास्त आवडली होती, पण हे मी तिला सांगितले नाही.

"हे कुणाला द्यायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि आता लिहा."

"काय लिहू?"

"मला काय विचारता? शाई आहे तोवर काहीही लिहा. नाहीतर पुन्हा वाळेल."

म्हणून हे लिहिले. शाई अजून अर्धी आहे. मधल्या खोलीत वहिनी खिडकीशी बसली आहे आणि मध्येच मान कलती करते आहे. इतक्या लांबून तिला ऐकू जात नसेल, असे मला वाटते. पण आत्ताच ती तिथूनच म्हणाली, "भावोजी, पेन इतकं दाबू नका."